ताई तुम्ही वकील का? पीडितांसोबत काम करायचं असेल तर आधी हे वाचा

परवा जकातवाडीच्या समाजकार्य कॉलेजातली दोन पोरं भेटायला आलेली. म्हणाली, मॅडम आम्हाला पीडितांसोबत काम करायचंय, सुरुवात कुठनं करायची. आधी चहा घ्या म्हटलं, मग दोन तास बोलत बसले आणि घसा बसला. दरवर्षी कोणी ना कोणी येतंच आणि दरवर्षी मी तेच सांगते, म्हणून यावेळी टाईप करूनच टाकते. बारा वर्षं सातारा जिल्ह्यात हे काम करतेय, मारहाण, कोयत्याचे वार, बलात्कार, खून झालेल्या माणसाच्या घरचे, सगळं आलं त्यात. खालच्या किश्शांमधली गावं, वयं, नाती मुद्दाम इकडची तिकडं केलीत, त्यामुळं हे कोण असेल म्हणून शोधत बसू नका.

कोर्टात गेलं की पट्टेवाल्यापासून सगळे विचारतात, ताई तुम्ही वकील का? नाही. वकील नाही, पोलीस नाही, डॉक्टर नाही. मग कोण? याचं उत्तर मला पहिली दोन वर्षं नीट देता यायचं नाही. आता देते. कोर्टाच्या बोर्डावर केस कशी लागते बघा, महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक. जिचं डोकं फुटलं तिचं नाव त्यात कुठंच नाही. आरोपीला त्याचा वकील असतो, सरकारी वकील शासनाचा असतो आणि ती असते फक्त साक्षीदार नंबर एक. तपास कुठं आला, आरोपी जामिनावर सुटला का, पुढची तारीख कधी, हे तिला किराणा दुकानात शेजारणीकडून कळतं. तर आपलं काम एवढंच की स्वतःच्याच केसमध्ये तिला परक्यासारखं बसायला लागू नये. बाकी सगळं याच्या पोटात येतं.

शिरायचं कुठनं

यावर फार वेळ घालवत नाही. सखी वन स्टॉप सेंटर आहे, म्हणजे हिंसा झालेल्या बाईला सगळी मदत एकाच ठिकाणी देणारं केंद्र, केंद्र सरकारची २०१५ पासूनची योजना, तिथं केस वर्कर, समुपदेशक अशा कंत्राटी जागा निघतात. महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे, ही कल्पना मूळ टाटा समाजविज्ञान संस्थेची, १९८४ ला मुंबई पोलीस मुख्यालयात सुरू झाली आणि तिथनं राज्यभर पसरली. डिग्री नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं पीएलव्ही म्हणजे विधी स्वयंसेवक व्हा, ट्रेनिंग तेच देतात. लहान मुलांच्या केसेस करायच्या असतील तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या, नियमांत सपोर्ट पर्सन म्हणून सरळ तरतूदच आहे, नेमणूक बाल कल्याण समिती करते आणि केस संपेपर्यंत तुम्ही त्या लेकरासोबत. सांगली साईडला असाल तर १९९२ पासून काम करणारी संग्राम ही संस्था आहे, वेश्याव्यवसायातल्या बायांवर होणाऱ्या हिंसेबद्दल शिकायचं तर तिथं जाऊन नुसतं ऐकत बसा. ती बाई तक्रार द्यायला आली की निम्मे लोक हसतात, आणि सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अशा बाईवर लैंगिक अत्याचार झाला तर बाकी कुठल्याही पीडितेला मिळते ती सगळी मदत तिलाही मिळाली पाहिजे.

एकच सांगते, कंत्राटी मानधनावर घरखर्चाचं सगळं गणित बसवू नका.

पहिल्या भेटीत काय झालं ते विचारू नका

हे ऐकून पोरं चमकली. पण खरंय. तिला काय झालं हे तोवर चार जणांनी विचारलेलं असतं, ठाणे अंमलदाराने, डॉक्टरने, नवऱ्याने, नणंदेनं. तुम्ही पाचवे कशाला होताय. माझी एक बाई, खटाव तालुक्यातली म्हणू या, दिराने डोक्यात पहार घातलेली, आठ टाके, डॉक्टर म्हणतायत ॲडमिट व्हा आणि ती घरी जाते म्हणून हट्टाला पेटलेली. सगळ्यांना वाटलं घाबरलीय किंवा सासरच्यांना वाचवतेय. मी शेजारी स्टुलावर बसले आणि विचारलं, घरी काय राहिलंय तुमचं? तर म्हणाली, "आवं म्हशीची धार कोण काढंल सांजच्याला, ती दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाय." मग तिच्या जावेच्या माहेरच्या बाईला फोन लावला, ती म्हशीला ओळखीची निघाली, आणि दहा मिनिटात बाई ॲडमिट व्हायला तयार. जबाब दुसऱ्या दिवशी झाला, आणि नीट झाला.

म्हणून पहिले प्रश्न असे, पाणी हवंय का, कुणाला फोन लावू, घरी लहान कोण आहे, आज रात्री कुठं झोपणार, तिथं भीती वाटते का. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण आरोपी बऱ्याचदा त्याच वाड्यात राहतो. उत्तर हो आलं तर सखी सेंटरला पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळतो, तेवढ्यात पुढचं बघता येतं.

आणि काही वाक्यं जिभेवर येऊच द्यायची नाहीत. सगळं ठीक होईल, त्याला जन्मठेप झाल्याशिवाय सोडत नाही, मी आहे ना. यातलं काही तुमच्या हातात नाही. त्याऐवजी तारीख द्या, उद्या ११ वाजता मी फोन करते. आणि ११ ला करा. काही बातमी नसली तरी करा, काही बातमी नाही एवढंच सांगायला. या कामातला सगळा विश्वास त्या ११ वाजताच्या फोनवर उभा असतो, असं माझं मत आहे.

तक्रार द्यायची का नाही हे मोठ्या माणसाचं ज्याचं त्याने ठरवायचं, आपण प्रत्येक वाटेवर काय लागेल ते सांगायचं. लहान मुलाचं वेगळं, पोक्सोत कळवणं सगळ्यांनाच बंधनकारक आहे, म्हणून मूल बोलायला लागण्याआधीच सांगायचं की तू जे सांगशील त्यातलं काही मला पुढं सांगावं लागेल. नंतर सांगितलं तर त्याच्या दृष्टीनं तुम्ही पण फसवणाऱ्यातलेच.

दवाखाना

माझ्याकडं एक पिशवी कायम भरलेली असते, भाजीची असते तसलीच. त्यात एक गाऊन, आतले कपडे दोन मापांचे, रबरी चप्पल, पॅड, टॉवेल, पारले, मोबाईलचा चार्जर, कोरे कागद, जुनी वर्तमानपत्रं आणि सुट्टे ५०० रुपये. गाऊन कशाला ते एका सरकारी दवाखान्यात शिकले. तपासणी झाली, कपडे पुरावा म्हणून पोलिसांनी जमा केले, आणि पोरगी नुसत्या चादरीत दीड तास बसली कारण कपडे कोण आणणार याचा विचारच कुणी केला नव्हता. वॉर्डातल्या दुसऱ्या पेशंटच्या नातेवाईकाने शेवटी आपली साडी दिली. त्या दिवशी घरी येताना बाजारातनं पहिला गाऊन घेतला.

वर्तमानपत्रं कपडे गुंडाळायला. रक्ताचे, घामाचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ओलसर राहतात आणि बुरशी धरते, कागदात ठेवायचे, धुवायचे तर अजिबात नाहीत. अंघोळ करू नका असं सांगतात ते बरोबर, पण करून झाली असेल तर आता कशाला जायचं असं कुणी म्हणू नये. जखमा दिसतात, कपड्यावर पुरावा असतो, आणि लैंगिक अत्याचारात स्वॅब साधारण ९६ तासांपर्यंत घेतात. त्याहून घाईचं काय तर एचआयव्ही होऊ नये म्हणून जी औषधं असतात ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात, गर्भ राहू नये म्हणून गोळीही तितकीच लवकर. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करायची, नम्रपणे पण करायचीच.

ॲसिड आणि बलात्काराच्या पीडितेवर उपचार फुकट आणि लगेच करणं खाजगी हॉस्पिटललासुद्धा बंधनकारक आहे, नवीन नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३९७. आधी पोलिसांचं पत्र आणा असं कुणी म्हणालं तर भांडू नका, फक्त विचारा, उपचार नाकारल्याचं लिहून देता का? बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होतं. तपासणीला तिची परवानगी लागते, नको म्हणाली तरी उपचार थांबवता येत नाहीत. आणि ती टू फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटं घालून करतात ती तपासणी, सुप्रीम कोर्टाने २०१३ ला चुकीची ठरवली आणि ३१ ऑक्टोबर २०२२ ला पुन्हा एकदा सांगितलं की जो करेल तो गैरवर्तनाचा दोषी. कागदावर कुठं तसला रकाना दिसला तर तिथल्या तिथं विचारायचं.

पोलीस स्टेशन, आणि एनसीचा कागद

१ जुलै २०२४ पासून कायदे बदललेत, आयपीसीच्या जागी न्याय संहिता आणि सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली, पण लोक अजून १५४ चा जबाब, १६४ चा जबाब असंच म्हणतात, तुम्हाला दोन्ही नंबर पाठ पाहिजेत. एफआयआर आता १७३, मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब १८३.

मारहाणीच्या केसमध्ये सगळ्यात मोठी गोची एनसीची असते आणि त्यावर जरा थांबते कारण निम्मी माणसं इथंच गळतात. कोरेगाव साईडचे एक आजोबा, वय सत्तरच्या पुढं, बांधावरनं भांडण, पुतण्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने हातावर मारलं. पोलीस स्टेशनात गेले, एक कागद मिळाला, खुशीत घरी आले की केस झाली. आठ दिवसांनी मला भेटले तर तो कागद घडी घालून कोपरीच्या खिशात, घामाने मऊ पडलेला. उघडून बघितला तर एनसी, अदखलपात्र. म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत, पुतण्या आरामात पारावर बसलेला. हात बघितला तर कोपराखाली सूज तशीच. विचारलं, फोटो काढला का हाताचा? तर म्हणाले, "काढलाय की मोबाईलवर नातवानं."

एक्सरे काढला तर हाड मोडलेलं. आता गंमत अशी की साधी दुखापत म्हणजे न्याय संहितेचं ११५(२), अदखलपात्र. पण हाड मोडलं, दात पडला, किंवा १५ दिवस माणूस त्याचं रोजचं काम करू शकला नाही तर ती गंभीर दुखापत, ११७(२), आणि ती दखलपात्र. हत्यार किंवा घातक वस्तूने मारलं असेल तर ११८, ते पण दखलपात्र. म्हणजे दवाखान्यात एक्सरे झाला का नाही, आणि सर्टिफिकेटवर डॉक्टरने काय लिहिलं, यावर सगळं फिरतं. एक्सरेचा रिपोर्ट आणि सर्टिफिकेट जोडून अर्ज दिला, दोन हेलपाटे झाले, आणि गुन्हा नोंदला. म्हणून पोलीस स्टेशनातनं मिळालेला प्रत्येक कागद वाचायचा, वर काय छापलंय ते, आणि एफआयआर असेल तर तिची कॉपी फिर्यादीला किंवा पीडिताला फुकट द्यावी लागते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही.

दखलपात्र गुन्हा असूनही घेतच नाहीत म्हणाले तर? सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१३ मध्येच ठरवून टाकलंय की दखलपात्र माहिती असेल तर एफआयआर घ्यावीच लागते. वाद न घालता लेखी तक्रार एसपी ऑफिसला स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा, तरी नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर, ती कुठल्याही पोलीस स्टेशनात होते. हे ऊसतोडीच्या लोकांना फार कामाला येतं. कराड, वाळवा भागात टोळ्या मराठवाड्यातनं येतात, फडात काही घडतं आणि मुकादम म्हणतो गावाकडं जाऊन बघू. तसं होऊ द्यायचं नाही, कारण एकदा कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की साक्षीदार दोनशे मैलांवर. अशा केसमध्ये आयओला म्हणजे तपास अधिकाऱ्याला लवकर अर्ज द्या की १८३ चे जबाब आत्ताच करून घ्या, आणि प्रत्येकाचा गावाकडचा पत्ता आणि तिथल्या एका तरी नातेवाईकाचा नंबर लिहून ठेवा. मोबाईल नंबर हे लोक बदलत असतात.

लैंगिक गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, बलात्काराच्या केसमध्ये तो तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं घेता येतो, मुलांच्या बाबतीत पोलीस साध्या कपड्यात पाहिजेत. हे तुम्ही आधी फोन करून सांगितलं तर सहसा होतं, ऐनवेळी तिथं जाऊन सांगितलं तर दोघांचा इगो मध्ये येतो. सगळे पोलीस वाईट असं डोक्यात घेऊन जाऊ नका हे पण सांगते. रात्री दोन वाजता स्वतःच्या डब्यातली भाकरी पीडितेच्या लेकराला देणारी कॉन्स्टेबल मी बघितलीय.

जबाब चालू असताना तोंड बंद. ती अडखळली तरी शब्द पुरवायचे नाहीत. मी नवीन असताना एकदा पुरवला, एकच शब्द, ती म्हणत होती धरलं आणि मी म्हटलं म्हणजे दाबलं ना. तीन वर्षांनी उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाने बरोबर त्या शब्दावर बोट ठेवलं, हा शब्द तुमचा का त्या बाईंचा? माझ्याकडं बघून. जमिनीत गेले असते तर बरं झालं असतं.

त्याला जोडूनच आणखी एक. वकिलाला अशिलाचं बोलणं गुप्त ठेवायचा कायदेशीर अधिकार असतो, तो तुम्हाला नाही. तुम्हालाही समन्स येऊ शकतो. म्हणून वहीत घटना लिहायची नाही, कामं लिहायची. आज दवाखान्यात गेलो, अमुक कागद मिळाला, पुढची तारीख अमुक. बस. आणि नाव गाव कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही, कामाच्या ग्रुपवर पण नाही. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ७२, आणि साताऱ्यासारख्या गावात नाव लपवून शाळा सांगितली तरी ओळख उघड होतेच.

मिटवून टाका

हे दोन शब्द तुम्हाला रोज ऐकायला येतील. पोलीस पाटील, भावकी, मामा, कधी कधी तिचे सख्खे वडील. पोरीचं लग्न व्हायचंय, गावात राह्यचंय, कोर्टकचेरीत जमीन जाईल. तंटामुक्तीची समिती पण मध्ये पडते, १५ ऑगस्ट २००७ ला ती मोहीम सुरू झाली आणि बांधाचे, पाण्याचे वाद मिटवायला ती चांगलीच आहे, पण बलात्कार किंवा पोक्सो पारावर बसून मिटत नसतो, कायद्याने त्यात तडजोडच नाही. हे सांगायचं, पण तिच्या घरच्यांना खलनायक करू नका. तुम्ही संध्याकाळी सहाच्या एसटीने परत येणार, तिला तिथंच राहायचंय. मी वडिलांना वेगळं बसवून विचारते की तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते, आणि बऱ्याचदा उत्तर एकदम ठोस असतं, रात्री दारात येऊन शिव्या देतात, पाईपलाईन तोडली. ठोस असेल तर त्यावर अर्ज करता येतो. साक्षीदारांना संरक्षणाची योजना २०१८ पासून आहे, जिल्ह्याला समिती आहे, अर्ज करा. पाईपलाईन तोडली त्याची वेगळी तक्रार द्या, तारखेसकट. जामिनाच्या वेळी हेच कागद सरकारी वकिलांच्या हातात द्यायचे. पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या केसमध्ये सांगितलंय, आणि सरकारी वकिलांच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. बाई, लहान मूल, अनुसूचित जाती जमातीतलं कुणी असेल तर उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडनं वकील फुकट. १५१०० हा त्यांचा नंबर, बाकी पोलिसांचा ११२, बायांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ तुम्हाला माहीत असतीलच.

खून झालेल्या घरात

यावर कुणी ट्रेनिंग देत नाही. लोकांना वाटतं पीडित गेला, आता कुणासोबत काम करणार. पण कायद्यात वारस पण पीडितच धरतात. पीएमच्या म्हणजे शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर बसलेल्या बायकोला कळतच नसतं की बॉडी कधी मिळणार, म्हणून तेवढं आत जाऊन विचारून या आणि खरा वेळ सांगा, अंदाजे सांगू नका. बॉडीचा व्हिडिओ फिरत असतो, घरातल्या पोरांच्या मोबाईलवर पण येतो, एखाद्या समजदार काकाला ते काम लावून द्या की पोरांचे फोन आज तुमच्याकडं ठेवा. नंतर मृत्यूचा दाखला, वारस, बँक, गॅसचं कनेक्शन त्याच्या नावावर, मोबाईल पुरावा म्हणून जमा आणि सगळे ओटीपी त्याच नंबरवर, असल्या गोष्टींत सहा महिने जातात. आणि मग तारखा. डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे, पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि खटल्याचा निकाल लागला १० मे २०२४ ला, दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. पावणेअकरा वर्षं, आणि ते सुद्धा मागे सगळी चळवळ उभी असताना. पाटण खोऱ्यातल्या एखाद्या विधवेमागे कोण असतं, म्हणून पहिल्याच महिन्यात तिला सांगा की हे वर्षांचं काम आहे. वाईट वाटतं सांगायला, पण नंतर एकेका मुदतीला आशेने येऊन परत जाणं त्याहून वाईट.

पैसे

बलात्कार, ॲसिड, मुलांवरचे लैंगिक अत्याचार यासाठी मनोधैर्य योजना आहे, २ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली, आधी जास्तीत जास्त ३ लाख होते, नंतर १० लाखांपर्यंत गेले. खून, गंभीर दुखापत यासाठी पीडित नुकसानभरपाई योजना. दोन्हीचे अर्ज विधी सेवा प्राधिकरणात. ॲट्रॉसिटीची कलमं लागली असतील तर समाजकल्याणकडनं वेगळी मदत मिळते आणि तिचे हप्ते एफआयआर, चार्जशीट, निकाल असे टप्प्याटप्प्याने पडतात. केसचा निकाल लागायची वाट बघायची नसते, हे बऱ्याच वकिलांना पण माहीत नाही. बँक खातं तिच्या एकटीच्या नावावर, यावर अडून बसा. नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या खात्यात गेलेले पैसे परत आलेले मी बघितले नाहीत.

कोर्ट

केस नंबर पडला की सीएनआर नंबर घ्या, १६ अक्षरी असतो, ई-कोर्ट्स ॲपवर टाकला की पुढची तारीख दिसते. ॲपवर भरवसा ठेवून बसू नका, आदल्या दिवशी सरकारी वकिलांच्या ऑफिसात विचारा, नाहीतर ढेबेवाडीहून पहाटेची एसटी धरून आलेल्या बाईला साडेअकराला कळतं की साहेब रजेवर आहेत.

साक्षीच्या आधी एकदा तिला रिकामं कोर्ट दाखवून आणा. जज साहेब कुठं बसतात, आरोपी कुठं उभा असेल, संडास कुठं आहे. मोकळ्या पिंजऱ्यात तिला दोन मिनिटं उभं राहू द्या. साक्ष शिकवायची नाही, पण साक्ष कशी द्यायची असते ते सांगता येतं. प्रश्न नाही कळला तर कळला नाही म्हणा. आठवत नाही हे पण उत्तर आहे. वकिलाने कितीही आवाज चढवला तरी उत्तर जजकडं बघून द्या. टाईप झालेलं वाचून दाखवायला सांगा आणि चुकलं असेल तर सहीच्या आधी बोला. लैंगिक गुन्ह्यात सुनावणी इन कॅमेरा म्हणजे बंद दाराआड होते, जुन्या संबंधांबद्दल विचारायला बंदी आहे, आणि लहान मुलाला आरोपी दिसू नये अशी सोय करावी लागते. भेदरलेल्या साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात वेगळी खोली करा असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलंय, तो निकाल आपल्याच महाराष्ट्रातल्या केसवरचा आहे, सरकारी वकिलांना आधी अर्ज द्यायला सांगा. व्हरांड्यात आरोपीचे नातेवाईक समोरच बसतात, टक लावून बघतात, त्यामुळं पुकारा होईपर्यंत दुसरीकडं बसायचं आणि एकाने पुकाऱ्याकडं कान ठेवायचा. साक्षीला आल्याचा भत्ता मिळतो, तो मागा, लाजू नका.

तुमचं स्वतःचं काय? वेगळं सिम घ्या, रात्री ९ नंतर कुठला नंबर लावायचा ते तिला लिहून द्या आणि तुमचा बंद करा. मी पहिली चार वर्षं केला नाही, मग बीपीची गोळी चालू झाली. आता दर रविवारी सकाळी अजिंक्यतारा चढते आणि वर जाऊन कुणाशी बोलत नाही. आरोपी ओळखीतला निघाला, जो इथं निघतोच कधीतरी, तर केस दुसऱ्याला द्या, त्याच दिवशी.

फाईल बंद करताना निकालाची नक्कल काढून द्या, निर्दोष सुटला असेल तर पीडिताला स्वतः अपील करता येतं ते समजावून सांगा, तिचे सगळे मूळ कागद मोजून परत करा आणि मिळाले म्हणून सही घ्या. त्या कोरेगावच्या आजोबांची फाईल गेल्या उन्हाळ्यात बंद केली. पुतण्याला शिक्षा झाली, फार नाही, पण झाली. आजोबांनी सही केली, चष्मा काढला, कोपरीच्या खिशातनं तो एनसीचा कागद काढला, आता पार चार तुकडे होत आलेला, आणि विचारलं, "ह्यो फाडू का आता?" म्हटलं, "ठेवा आजोबा, तिकडनं अपील होऊ शकतंय अजून."